मागच्या बोळातलं वाचनालय

कार्यकारिणीची बैठक रात्री आठला सुरू झाली. टेबलावर नकाशा पसरलेला, तो गुंडाळू नये म्हणून चार कोपऱ्यांवर शब्दकोशाचे चार खंड ठेवलेले. जुन्या इमारतीची दुरुस्ती कुठे, मागच्या अंगणात नवं बांधकाम किती, जिना कुठून, पाण्याची टाकी कुठे, सगळं बोलून झालं. साडेनऊ वाजत आले. तोवर गप्प बसलेल्या ग्रंथपाल ताई म्हणाल्या, "ते सगळं होईल सर. पण काम सुरू झाल्याच्या दिवशी सकाळी पेपरचं टेबल कुठं मांडायचं?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. ठेकेदाराने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "सहा महिने कुलूप लावा, मोकळी इमारत द्या, झटपट करून देतो." आम्हीही मनात तेच धरून चाललो होतो. ताईंच्या प्रश्नाने ते बाहेर आलं. पुढचा दीड तास फक्त त्या टेबलावर बोलणं झालं, आणि उठताना इतिवृत्तात ठराव लिहिला गेला की साप्ताहिक सुटी सोडून वाचनालय एकही दिवस बंद राहणार नाही, काम कितीही लांबलं तरी.

जालना जिल्ह्यातलं हे एक तालुक्याचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जालना, अंबड, भोकरदन, बदनापूर, घनसावंगी, परतूर, मंठा, जाफराबाद यांपैकी कुठल्याही तालुक्यात जुन्या वाचनालयाच्या दारात उभं राहिलं तरी भिंतींची आणि पैशांची हीच कहाणी ऐकायला मिळेल. मी या वाचनालयाचा लहानपणापासूनचा वाचक आणि गेली काही वर्षं कार्यकारिणीचा सभासद. गेलं दीड वर्ष आम्ही विटा, वाळू आणि पुस्तकं एकाच अंगणात सांभाळतो आहोत.

बंद न ठेवण्याचा हट्ट कशासाठी, असं गावातल्या शहाण्या माणसांनीही विचारलं. त्याचं उत्तर आम्हाला कोरोनाने दिलं होतं. मार्च २०२० मध्ये वाचनालयाला कुलूप लागलं. १५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली. मधे सात महिनेही गेले नव्हते. पण उघडल्यावर सकाळच्या पेपरवाचकांतली निम्मी माणसं आलीच नाहीत. काही दगावली होती, ते दुःख वेगळं. बाकीच्यांचं मोबाइलवर भागू लागलं होतं, कुणाला सकाळी घराबाहेर पडायची सवयच राहिली नव्हती. घरपोच पुस्तकं मागवणाऱ्या बायकांची वर्गणी थकली, मग त्यांनी अनामत परत मागितली. वाचक एकदा तुटला की त्याला परत जोडायला वर्षं लागतात, हे तेव्हा कळलं. पुन्हा ती वेळ आपल्या हाताने आणायची नव्हती.

दुसरं कारण कागदोपत्री होतं. शासनमान्य वाचनालयाला रोज ठरलेले तास उघडं राहावं लागतं, वाचकांच्या सह्या असाव्या लागतात, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाची तपासणी होते. भिंत पाडली आहे म्हणून तपासणी थांबत नाही आणि अनुदानाचा हिशेबही थांबत नाही.

आता इमारतीबद्दल. पुढचा भाग माळवदाचा आहे. तरुण वाचकांसाठी सांगतो. काळ्या दगडाच्या, माती-चुन्यात बांधलेल्या दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती, त्यांवर सागाच्या तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या, त्यांवर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. गावच्या जुन्या पांढरीतली ही चिकणी माती पाणी खाली उतरू देत नाही. मृगाच्या आधी दरवर्षी माळवदावर ती नव्याने पसरायची, पावसाळ्यात उगवलेलं गवत काढायचं, पन्हाळी मोकळ्या करायच्या. एवढं केलं तर माळवद पिढ्यान्‌पिढ्या उभं राहतं आणि एप्रिल-मेच्या उन्हातही आतली खोली गार राहते. आमच्याकडे पारा बेचाळीसवर जातो तेव्हा दुपारी पंख्याशिवाय वाचत बसता येईल अशी गावात एवढी एकच जागा होती.

ही वार्षिक मशागत मधल्या काळात थांबली. माती वाहून आणणारी माणसं मिळेनात, मजुरी परवडेना. मग कुणीतरी सुचवलं की वर सिमेंटचा कोबा करून टाकू, एकदाची कटकट मिटेल. कोबा झाला. उन्हाने तो तडकला, तडे दिसेनात, पाणी आत शिरलं आणि माती ओलीच राहिली. तुळयांची टोकं भिंतीत कुजायला लागली. त्याच सुमारास भिंतींनाही आतून कमरेपर्यंत सिमेंटचं प्लास्टर केलं गेलं. हेतू चांगला होता, पण इमारतीचं नुकसान तिथूनच सुरू झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या भिंतीला पाया म्हणजे जमिनीत गेलेला दगड. त्यातून ओल वर चढतेच. चुन्याची भिंत ती ओल हवेत सोडून देते. सिमेंटचा थर तिला कोंडतो. कोंडलेली ओल थराच्या वरून, छातीच्या उंचीवर बाहेर पडते, सोबत क्षार आणते आणि भिंतीला लोणा लागतो. बोट फिरवलं की पांढरी पूड हाताला येते, दगडांमधला चुना भुगा होऊन गळतो. आणि वाचनालयात भिंतीला काय टेकलेलं असतं? कपाटं.

काम सुरू करण्याआधी आम्ही पहिलं कपाट भिंतीपासून ओढलं तो क्षण विसरता येत नाही. चौघांनी जोर लावला तरी ते हलेना, कारण मागचा पत्रा गंजून भिंतीला चिकटला होता. सुटलं तेव्हा ओल्या मातीचा वास खोलीभर पसरला. कपाटाच्या पाठीवर मातीची एक बारीक शीर जमिनीपासून वर गेलेली, बोटाएवढी रुंद, मधे फाटा फुटून दोन कप्प्यांत शिरलेली. वाळवी. ताईंनी मागच्या रांगेतलं एक पुस्तक हळूच उचललं. कापडी बांधणी शाबूत, पाठीवरची सोनेरी अक्षरं शाबूत. उघडलं तर आत पानांच्या जागी मातीची पोकळ चौकट. वाळवी बाहेरच्या पुठ्ठ्याला शक्यतो हात लावत नाही, उजेडाला भिते. म्हणून वर्षानुवर्षं समोरून बघणाऱ्याला रांग भरलेली दिसत राहिली. ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्या कप्प्यातली पुस्तकं कुणी कधी नेली होती याच्या चिठ्ठ्या त्या रात्री उशिरापर्यंत बघत बसल्या होत्या.

त्यानंतर सगळ्या पुस्तकांची मोजदाद करायचं ठरलं. तसंही हलवायची होतीच. हलवण्याची एक शिस्त असते, आणि ती आम्ही चुकत-माकत शिकलो. पोती नकोत, कारण पोत्यात पुस्तक वाकतं. किराणा दुकानातली मोठी खोकी नकोत, कारण भरल्यावर ती एकट्याला उचलत नाहीत आणि तळ फाटतो. औषधांच्या दुकानांतून लहान, जाड खोकी गोळा केली. पुस्तक पाठ खाली करून उभं भरायचं. खोक्यावर कपाट क्रमांक, कप्पा क्रमांक आणि पहिल्या-शेवटच्या पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहायचा. एक खोकं भरलं की वहीत ओळ, ओळ लिहिल्याशिवाय दुसरं खोकं उघडायचं नाही. शाळेतली नववी-दहावीची पोरं रविवारी यायची. त्यांच्यात दोन मुली इतक्या काटेकोर होत्या की त्यांनी आमच्या दोन प्राध्यापकांच्या नोंदी परत करायला लावल्या.

कसर लागलेली, ओल धरलेली पुस्तकं वेगळी काढली. ती उन्हात टाकायची नाहीत, एवढं आम्हाला माहीत होतं. कडक उन्हात ओला कागद वेडावाकडा आक्रसतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. सावलीत, वाऱ्यावर, पानांमध्ये टीपकागद घालून वाळवली. घरोघरच्या आयाबायांनी वेखंड आणि कडुलिंबाचा पाला आणून दिला. पोथ्यांच्या बासनात वेखंड ठेवायची रीत इथे जुनीच आहे. ज्यांचं काहीच उरलं नव्हतं, त्यांच्या निर्लेखनाचा रीतसर ठराव केला.

याच मोजदादीत सगळ्यात जुनी दाखल नोंदवही नीट वाचली गेली. वर्षानुवर्षं ती कपाटाच्या डोक्यावर होती. तिच्यात किमती दोन प्रकारे लिहिलेल्या आहेत, काही पुस्तकांपुढे "हाली", काहींपुढे "कलदार". निजामाच्या राज्यातलं चलन हाली, इंग्रजी मुलखातलं कलदार. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. पुण्या-मुंबईहून मागवलेलं पुस्तक कलदारात, हैदराबादहून आलेलं हालीत. वर्षंही फसली सनाची. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३४६ फसलीच्या पानावर मराठी पुस्तकांची लांबच लांब यादी आहे, आणि शेजारी उर्दूचीही. १३४६ म्हणजे १९३६-३७.

त्या वर्षाला आपल्या जिल्ह्यात वेगळा अर्थ आहे. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं. निजामी राजवटीत राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू, आणि 'गश्ती निशाण त्रेपन्न' या फर्मानाने सभा-संमेलनांवर निर्बंध. चार माणसं एकत्र जमून बोलायची तर परवानगी लागे. अशा काळात वाचनालय ही चार माणसांनी एकत्र बसण्याची निरुपद्रवी दिसणारी जागा होती. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ सालचं. मराठवाड्यात ठिकठिकाणी वाचनालयं निघाली, ती पुस्तकांच्या ओढीने निघालीच, पण मराठीत एकत्र बसता यावं म्हणूनही निघाली. इंग्रजी अंमलातल्या रत्नागिरीत १८२८ साली वाचनालय सुरू झालं तेव्हा त्याला सरकारी साहेबांचा पाठिंबा होता. आपल्याकडच्या माणसांना संशयाच्या नजरेखाली हे करावं लागलं. त्या नोंदवहीतलं वळणदार अक्षर कुणाचं आहे हे आम्हाला ओळखता आलेलं नाही. पण किंमत लिहिताना त्याने आणे-पैही सोडलेले नाहीत.

उर्दूच्या कपाटाचं काय करायचं, हा प्रश्नही तेव्हा निघाला. वाचणारे थोडेच उरलेत, जागा अडते, असं एकाने म्हटलं. पेपरच्या टेबलावर रोज येणारे एक वृद्ध चाचा तिथेच होते. ते म्हणाले, "मराठी पेपर मी वाचतोच की. पण गावातल्या किती घरांची जमिनीची कागदं उर्दूत हायेत, म्हाईताय का? वाचणारा लागतो तवा माझ्याकडंच येतात." उर्दूचं कपाट राहिलं. नव्या आराखड्यात त्याला भिंतीपासून दूर, कोरडी जागा दिली आहे.

पेपरचं टेबल अखेर मारुतीच्या मंदिराच्या सभामंडपात गेलं. विश्वस्तांनी एका शब्दावर हो म्हटलं. चाचा पहिल्या दिवशी पायरीशी थबकले, तेव्हा पुजारीकाकांनीच खुर्ची पुढे केली. पुस्तकांची खोकी जिल्हा परिषद शाळेच्या दोन रिकाम्या खोल्यांत. देवघेव मागच्या बोळात, पत्र्याच्या शेडखाली, जिथे पूर्वी सायकली लागायच्या. रोज दोनशे-अडीचशे पुस्तकांचं एक कपाट तिथे मांडायचं, दर आठवड्याला ते बदलायचं. मागणी असेल ते पुस्तक वहीत लिहून ठेवायचं, ताई दुसऱ्या दिवशी शाळेतून आणून द्यायच्या. खोक्यांवरचे क्रमांक तेव्हा कामी आले. आधी बेत असा होता की लोकांना हवी तीच पुस्तकं बाहेर ठेवू, पण घडलं वेगळंच. कपाट लहान, पुस्तकं कमी, त्यामुळे प्रत्येक पुस्तक नजरेत येऊ लागलं. वर्षानुवर्षं न हललेली प्रवासवर्णनं, चरित्रं बाहेर गेली. नव्या इमारतीतही दाराशी असं एक फिरतं कपाट ठेवायचं आम्ही ठरवलं आहे.

अभ्यासिकेचं मात्र चुकलं, आणि ते सविस्तर सांगितलं पाहिजे.

तालुक्याच्या वाचनालयाचा आज सगळ्यात मोठा वाचक कथा-कादंबऱ्यांचा नाही. तो आहे स्पर्धा परीक्षेचा मुलगा आणि मुलगी. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी राज्यभरातून दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. त्यांतले कितीतरी अर्ज अशा गावांतल्या अभ्यासिकांत बसून भरलेले. घरी दोन खोल्या, टीव्ही सुरू, म्हशीच्या धारेची वेळ, शेतात मोसंबीला पाणी द्यायची पाळी. या पोरांना पुस्तकाआधी बसायला जागा आणि डोक्यावर दिवा हवा असतो. त्यांना पुण्याला पाठवणं किती घरांना परवडतं?

अभ्यासिका आम्ही मोंढ्यातल्या एका रिकाम्या गोदामात नेली. जागा प्रशस्त, मालकाने भाडं घेतलं नाही, वीजही दिली. पंधरा दिवसांत मुलांची संख्या वाढली. आम्ही खूश. महिन्याने ताईंनी हजेरीची वही समोर ठेवली. मुलींच्या रांगेत एकही सही नव्हती. पूर्वी त्या तीसच्या वर होत्या.

मोंढा संध्याकाळी ओस पडतो. येण्याच्या वाटेवर दिवे नाहीत. गोदामाला संडास नाही, पुरुषांचं कुठेही भागतं. एकाही मुलीने तक्रार केली नव्हती. त्या फक्त यायच्या बंद झाल्या. कार्यकारिणीत आम्ही सगळे पुरुष, आणि आमच्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही, याची मला आजही खंत आहे. ताई त्या मुलींच्या घरी गेल्या. शाळेच्या खोल्यांपैकी एक खोकी रचून अर्धी मोकळी केली, मुख्याध्यापिकांशी बोलून शाळेचं स्वच्छतागृह खुलं करून घेतलं, वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सहा ठेवली. बावीस मुली परतल्या. बाकीच्यांपैकी दोघींची त्या दोन महिन्यांत लग्नं ठरली होती.

त्यानंतर नकाशा बदलला. अध्यक्षांच्या दालनासाठी आखलेली खोली काढून तिथे मुलींची अभ्यासिका आणि दोन स्वच्छतागृहं आली. अध्यक्षांनी स्वतःच लाल पेनाने ती रेघ मारली. तालुक्याच्या गावात वाचनालयाचा विस्तार करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की नकाशावर पहिली खोली बायकांच्या स्वच्छतागृहाची काढा, ग्रंथालयाचं बाकी सगळं तिच्याभोवती बसवता येतं.

विस्ताराच्या भागात दुसरी अडचण वजनाची होती. मूळ बेत वरच्या मजल्यावर ग्रंथसंग्रह, खाली वाचनकक्ष असा होता. दिसायला छान. अभियंत्यांनी हिशेब मांडला. राहत्या घराची लादी एका चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात. ग्रंथालयातल्या कपाटांच्या खोलीसाठी भारतीय मानकात हाच आकडा ६०० किलोच्या आसपास आहे, आणि रॅक उंच असतील तर त्याहून जास्त. तिप्पट भार म्हणजे जाड लादी, जाड तुळया, जास्त लोखंड, जास्त पैसे. आपल्याकडे कितीतरी वाचनालयं दानात मिळालेल्या घरांच्या माडीवर चालतात, आणि तिथे भिंतीला भिंत लावून लोखंडी कपाटं उभी असतात. त्यांनी एकदा खालच्या खोलीतून छताकडे बघावं.

मग खाली पुस्तकं, वर माणसं असा बेत ठरला. यालाही एक उत्तर होतं, ते चिपळूणचं. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत त्याने पाणी सोसलं. चिपळूणकरांना कुणी 'पुस्तकं खाली ठेवा' म्हणू शकणार नाही. जालना जिल्ह्यात पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटरचा. आमचं दुखणं दुष्काळाचं. तरी जोतं तीन फूट उचललं आणि जुनी नोंदवही, हस्तलिखितं, दुर्मीळ पुस्तकं यांचं एक कपाट वर न्यायचं ठरवलं. एका कपाटाचा भार वरची लादी पेलते.

जुन्या भागाच्या दुरुस्तीला चुनाच वापरायचा, यावर खूप वाद झाला. सिमेंट दोन दिवसांत पकडतं, चुन्याला आठवडे लागतात. चुना जाणणारा मिस्त्री शोधायलाच दोन महिने गेले. सापडले ते सत्तरीचे, वडिलांच्या हाताखाली घाणीवर चुना मळलेले. आले, भिंतीवर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "भिंत चांगली हाय. तिच्या अंगावरचा हा सदरा काढा आधी. कामून घातला होता?" सिमेंटचं प्लास्टर छिन्नीने काढलं आणि भिंत एक उन्हाळाभर उघडी ठेवली. मग महिनाभर पाण्यात मुरवलेला कळीचा चुना, धुतलेली वाळू, गूळ-बेलफळाचं आणि हिरड्याचं पाणी, तागाचे तुकडे. मिश्रण थापीवर घेऊन ते वाकडी करायचे, पडलं तर पुन्हा मळायला सांगायचे. त्यांच्या हाताखाली आम्ही गावातली दोन तरुण पोरं मुद्दाम ठेवली. आता त्यांना शेजारच्या तालुक्यातून वाड्यांच्या दुरुस्तीसाठी बोलावणं येतं.

मुंबईच्या काळाघोड्याच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाचं उदाहरण तेव्हा आम्हाला फार उपयोगी पडलं. १८७० ची ती दगडी इमारत २०२३ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. तिथेही मधल्या काळात मूळ छपराच्या जागी सिमेंटची लादी घातलेली होती. दुरुस्तीत ती उतरवून पुन्हा उतरतं छप्पर चढवलं. तिथले पैसे आणि तिथले वास्तुविशारद आमच्याकडे नाहीत. पण मधल्या पिढीने घातलेलं ओझं उतरवणं हीसुद्धा दुरुस्ती असते, हे तिथून दाखवता आलं. आमच्या माळवदावरचा कोबा उतरवला, कुजलेल्या तीन तुळया बदलल्या, बाकीच्या वाचल्या. या मृगाआधी वर पांढरी माती पडली. कितीतरी वर्षांनी.

पैशांचं बोलायला हवं. देशातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला. हैदराबाद राज्याने १९५५ मध्ये आपला कायदा केला, म्हणजे पुढच्याच वर्षी मुंबई राज्यात आलेला मराठवाडा या बाबतीत मागे नव्हता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही. तमिळनाडूत तसा उपकर आहे. आपल्याकडे वाचनालयं चालवतात नोंदणीकृत संस्था, म्हणजे गावातली माणसं, आणि सरकार त्यांना अ, ब, क, ड वर्गानुसार परिरक्षण अनुदान देतं. अशी अकरा हजारांवर ग्रंथालयं राज्यात आहेत. 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षानुवर्षं ३० हजार रुपये मिळत. २०२२ च्या शेवटी ६० टक्के वाढ झाली आणि ते ४८ हजार झाले. म्हणजे तेव्हा महिन्याला चार हजार. यातच पगार, यातच पुस्तकं, पेपर आणि वीजबिल. वरच्या वर्गात आकडा मोठा दिसतो, पण माणसंही जास्त लागतात. आमच्या ताईंना जे मिळतं तो आकडा मी इथे लिहीत नाही, त्यांचा अवमान होईल. अनुदान हप्त्यांनी येतं, आणि हप्ता लांबला की त्यांचा पगार लांबतो. त्या तरी सकाळी आठला कुलूप काढतात.

इमारतीचे पैसे याहून वेगळे शोधावे लागतात. कोलकात्याचं राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून आहे, त्याच्या योजनांत जागा वाढवण्यासाठी साहाय्य आहे. खासदार निधीतून सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत होऊ शकते. हे माहीत नसलेली मंडळं पुष्कळ आहेत. पण या सगळ्या वाटांना संस्थेच्या नावावरचा जमिनीचा कागद, अंदाजपत्रक, लेखापरीक्षण लागतं, आणि जुन्या वाचनालयांचं अर्धं आयुष्य तो जमिनीचा कागद शोधण्यात जातं. आमचा कागद उर्दूत निघाला. तो चाचांनी वाचून दिला.

उरलेली रक्कम लोकवर्गणीची. जालन्याच्या घाणेवाडी तलावातला गाळ लोकांनी वर्गणी काढून उपसला होता, ते इथे सगळ्यांना आठवतं. पाण्यासाठी गाव पैसे देतो तसा पुस्तकांसाठी देईल का, ही शंका होती. गावाने दिले. मोंढ्यातल्या हमालांनी एक दिवसाची हमाली दिली. बाहेरगावी नोकरीला लागलेल्या, इथल्या अभ्यासिकेत बसून पोलीस झालेल्या एका मुलाने पहिल्या पगारातून पंखे दिले. तरीही वरच्या मजल्याचं छप्पर अजून अडलेलं आहे.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला शेवटचा ग्रंथालयाला वाढतं, जिवंत शरीर मानतो. ताईंनी तो अभ्यासक्रमात पाठ केला होता. या दीड वर्षात एका संध्याकाळी, बोळात पावसाचं पाणी शिरलेलं असताना, खुर्चीवर पाय घेऊन देवघेव करता करता त्या म्हणाल्या, "शरीर वाढताना दुखतंच की सर."

आज स्थिती अशी आहे. जुना भाग पूर्ण झाला. चुना अजून सुकतो आहे, म्हणून कपाटं भिंतीपासून हातभर दूर ठेवली आहेत आणि पुढेही तिथेच राहणार आहेत. मुलींची अभ्यासिका आणि स्वच्छतागृहं तयार आहेत, त्यांचा वापर सुरू झाला. पेपरचं टेबल देवळातून परत आलं. वरचा मजला बाकी आहे.

वाचकहो, दिवाळीला गावी जाल तेव्हा एकदा आपल्या गावच्या वाचनालयात जा. वर्गणी भरा. भिंतीला टेकलेलं एखादं कपाट चौघांनी मिळून ओढून बघा. आणि आमच्या गावावरून गेलात तर आमच्याकडेही या. वेळ सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. पुढचं दार अजून बांधकामाने अडलं आहे, मागच्या बोळातून यावं.